खारपाणाचं रसायन आणि कोकोपीटची कुंडी

मूर्तिजापूर तालुक्याच्या उत्तरेला, पूर्णाकाठच्या लाखपुरीकडच्या भागात विहिरीला पाणी असतं आणि तरीही वावर कोरडवाहू असतं. बाहेरून आलेल्या माणसाला हे चटकन उमगत नाही. पाणी आहे, मोटर आहे, मग तूर आणि पऱ्हाटी पावसाच्या भरवशावर का? कारण ते पाणी खारं आहे. दोन-चार हंगाम ते जमिनीला पाजलं की जमीन चिकट होते, पाणी मुरेनासं होतं, पावसाळ्यात वावरात डबकी साचतात आणि उन्हाळ्यात तीच जमीन इतकी कडक होते की नांगर लागत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही बाजूंना हा खारपाणपट्टा पसरलेला आहे. सुमारे नऊशे गावं त्यात येतात.

अशा भागात मातीविना भाजीपाला पिकवण्याची कल्पना मनात भरणारच. माती बिघडलेली आहे ना, मग ती बाजूला ठेवू. गच्चीवर किंवा शेडनेटखाली पिशव्या मांडू, त्यांत कोकोपीट भरू, खताचं पाणी देऊ आणि टमाटर, मिरची, पालक, सांबार (कोथिंबीर) घरचंच खाऊ. विचार चांगला आहे आणि होण्यासारखा आहे. फक्त माती सोडली म्हणून खारं पाणी सुटत नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच नीट समजून घ्यायला हवी. आणि खारपाणाच्या जमिनीत नेमकं काय बिघडलंय हे ज्याला कळलं, त्याला कोकोपीटमध्ये खत कसं कालवायचं हे अर्धंअधिक कळलं असं मी मानतो. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: कॅल्शियमच्या जागी कोण बसलंय?

आधी जमिनीचं पाहू. काळ्या चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे पाण्यातले धनभाराचे क्षार, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम, त्या कणांना चिकटून राहतात. कॅल्शियमवर दोन भार असतात, तो कणांना एकमेकांजवळ धरून ठेवतो, माती रवाळ राहते. सोडियमवर एकच भार आणि भोवती पाण्याचं मोठं वेष्टन. तो जागा बळकावतो तेव्हा कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात पसरतात आणि मातीची छिद्रं बुजवतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात पूर्णा खोऱ्यातल्या जमिनींचा अभ्यास करून यामागचं एक महत्त्वाचं कारण दाखवलं. कोरड्या हवामानात मातीतल्या पाण्यातला कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसत जातो, आणि मोकळ्या झालेल्या जागांवर सोडियमचं प्रमाण वाढतं. उपाय म्हणून जमिनीत जिप्सम टाकतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम सोडियमला हटवतो, पावसाचं पाणी तो सोडियम खाली वाहून नेतं. पट्ट्यातल्या कित्येक शेतकऱ्यांना हे पाठ आहे.

आता कोकोपीट. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की मागे जो भुसा उरतो तो हा. केरळ, तामिळनाडू आणि आपल्या कोकणातही काथ्या निघतो. पूर्वी या भुशाचे ढीग नुसते पडून असायचे. आज तो दाबून पाच-पाच किलोच्या विटा करून विकला जातो आणि वऱ्हाडातल्या कुठल्याही रोपवाटिकेत मिरचीच्या ट्रेमध्ये तोच दिसतो. पाणी धरून ठेवतो आणि तरी मुळांना हवा देतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्याच्या धाग्यांवरही मातीच्या कणांसारखाच ऋणभार असतो. नारळाच्या सोडणात मुळातच पोटॅशियम आणि क्लोराइड भरपूर. त्यात किनाऱ्यावर सोडणं मचूळ पाण्यात कुजत घातली असतील तर सोडियमही. म्हणजे नवी वीट फोडून भिजवली तेव्हा तिच्या धाग्यांवरच्या जागा पोटॅशियम आणि सोडियमनं भरलेल्या असतात. तुम्ही खताच्या पाण्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम देता, ते रोपाला मिळण्याआधीच धागे उचलतात आणि बदल्यात पोटॅशियम, सोडियम सोडतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत रोप पिवळं पडतं, टमाटरच्या पहिल्या फळांच्या बुडाला काळा चट्टा येतो, लोक आणखी खत टाकतात आणि गोष्ट हाताबाहेर जाते.

उपाय जमिनीसारखाच. लावणीच्या आधी धाग्यांवरच्या जागा कॅल्शियमनं भरून घ्यायच्या. इथं जिप्सम चालत नाही असं नाही, पण ते पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट झटपट विरघळतं, म्हणून ते घ्यायचं. पाच किलोची वीट फुगून साठ-सत्तर लिटर होते. आधी ती गोड्या पाण्यात भिजवून निथळायची. मग तीस-पस्तीस लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात ती रात्रभर, जमलं तर चोवीस तास, बुडवून ठेवायची आणि अधूनमधून हातानं खालीवर करायची. दुसऱ्या दिवशी निथळणारं पाणी गडद तपकिरी असतं. त्यात क्षार मोजणारा मीटर घातला तर आकडा चढलेला दिसतो; हेच ते हटवलेलं पोटॅशियम आणि सोडियम. ते फेकून द्यायचं आणि गोड्या पाण्यानं एक-दोन वेळा धुऊन घ्यायचं.

गोडं पाणी हा शब्द मी मुद्दाम पुन्हा पुन्हा वापरतो आहे. ‘धुवायचंच तर आहे’ म्हणून विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं कोकोपीट धुतलं तर त्यातला सोडियम कमी होत नाही, वाढतो. मूर्तिजापूरला यासाठी सगळ्यात सोपी वेळ म्हणजे आषाढ-श्रावण. विटा फोडून, जाळीच्या पोत्यांत भरून पावसात उघड्यावर ठेवाव्या. आभाळ फुकट धुऊन देतं.

खताच्या पाकिटाला हात लावण्याआधी पाण्याकडे पाहू, कारण या भागात यश-अपयश तिथंच ठरतं. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज विद्युतवाहकतेवरून येतो. दुकानात त्याला ईसी म्हणतात. खिशात मावणारा ईसी मीटर या कामात खतापेक्षाही आधी घ्यावा. काही मीटर ईसीऐवजी पीपीएम दाखवतात आणि तिथं घोटाळा होतो: एक कंपनी ईसी १ ला ५०० पीपीएम धरते, दुसरी ७००. म्हणून ईसीचाच आकडा वाचावा. टमाटर-मिरचीला खतासह तयार पाण्याचा ईसी साधारण १.५ ते २.२ मानवतो. पावसाच्या पाण्याचा ईसी जवळपास शून्य असतो. खारपाणातल्या अनेक विहिरींचा दोनच्या पुढे, काहींचा तीनच्याही पुढे. म्हणजे खताचा एक दाणाही न टाकता ते पाणी आधीच भरलेलं आहे, आणि भरलेलं आहे ते रोपाला नको असलेल्या सोडियम-क्लोराइडनं. त्यात खत घालायला जागाच उरत नाही. अशा पाण्यावर कुणाचीही कितीही नामांकित कृती वापरली तरी पानांच्या कडा करपणारच.

म्हणून पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावं. अहवालात ईसी आणि सामू (पीएच) यांबरोबर सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे आकडे मागून घ्यावेत. सोडियम लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर निर्धास्त राहा. शंभरच्या पुढे गेला तर तो पिशवीत साठत जाणार हे धरून चाला. घरात पाणी मऊ करणारं यंत्र असेल तर त्याचंही पाणी नको, कारण ते कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियमच घालतं. आरओचं पाणी चालतं, पण आरओ जितकं पाणी देतो त्याच्या बरोबरीनं किंवा त्याहून जास्त, आणखी खारं करून, बाहेर टाकतो. ते टाकाऊ पाणी अंगणात सोडणं म्हणजे अंगणाचं खारपाण करणं.

माझ्या मते इथला खरा मार्ग पावसाचं पाणी साठवणं हाच आहे. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मूर्तिजापूरकडे वर्षाला ढोबळमानानं ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरच्या छतावरून, पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी, तीस हजार लिटर पाणी उतरतं. भर हंगामातलं टमाटरचं झाड दिवसाला दीड-दोन लिटर पितं. वीस झाडांना चाळीस लिटर. पाच हजार लिटरची एक टाकी भरलेली असेल तर वीस झाडं चार महिने निघतात. आणि शुद्ध पावसाचंच पाणी हवं असंही नाही: ईसी २.४ असलेल्या विहिरीच्या पाण्याचा एक भाग आणि पावसाच्या पाण्याचे पाच भाग मिसळले की ईसी ०.४ वर येतो, साठा थोडा लांबतो. टाकी मात्र उजेड आत न जाणारी हवी, नाहीतर शेवाळ धरतं. मृगाचा पहिला धुळकट पाऊस सोडून द्यावा, मग नळी टाकीत सोडावी.

खत कालवण्याची विद्या काही आजची नाही. जर्मनीत युलिउस झाक्स यांनी १८६० च्या सुमाराला मातीविना, नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपं वाढवून दाखवली. पाठोपाठ विल्हेल्म क्नोप यांनी जी कृती दिली ती पुढे जगभर गेली: लिटरभर पाण्यात ०.८ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, आणि पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी ०.२ ग्रॅम, वर लोहाचा अंश. भारतातही हे फार लवकर आलं. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगाल सरकारच्या कालिम्पाँगच्या प्रायोगिक शेतीत खडी-वाळूच्या वाफ्यांमध्ये, महागडी यंत्रं न वापरता, कोरडे क्षार मोजून टाकून पिकं घेतली आणि १९५१ मध्ये त्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. गरिबाला परवडेल अशी पद्धत बसवणं हे त्यांचं ध्येय होतं, आणि ते मला आजच्या चकचकीत बाटल्यांपेक्षा फार मोलाचं वाटतं.

क्नोपचे ते चार क्षार आज मूर्तिजापूरच्या कृषी सेवा केंद्रात मांडणीवर असतात. ठिबकवर संत्रा, केळी, भाजीपाला करणाऱ्याच्या घरात ते बहुधा असतातच. कॅल्शियम नायट्रेट त्याच नावानं मिळतं. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:००:४५. मोनो पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे ००:५२:३४. मॅग्नेशियम सल्फेट सगळ्यांच्या ओळखीचं. हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के आहेत. मात्र स्फुरद आणि पालाश तिथं ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात. शुद्ध फॉस्फरस काढायला मधल्या आकड्याला ०.४४ नं, आणि शुद्ध पोटॅशियम काढायला शेवटच्या आकड्याला ०.८३ नं गुणायचं.

पावसाचं किंवा तसंच गोडं पाणी धरून, शंभर लिटरला ८० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, ३० ग्रॅम १३:००:४५, १८ ग्रॅम ००:५२:३४, ४० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २ ग्रॅम चिलेटेड लोह (ईडीटीए, १२ टक्के) असं प्रमाण कोकोपीटसाठी चांगलं बसतं. यातून लिटरला सुमारे १६० मिलिग्रॅम नत्र, ४० फॉस्फरस, १६० पोटॅशियम, १५० कॅल्शियम, ४० मॅग्नेशियम आणि अडीचच्या आत-बाहेर लोह मिळतं. ईसी १.७ ते १.९ च्या आसपास येतो. पोटॅशियम इथं जाणूनबुजून थोडं हात राखून ठेवलं आहे, कारण कोकोपीट स्वतःकडचं देत राहतं. कॅल्शियम मात्र सढळ आहे, कारण कोकोपीट ते मागत राहतं. हाच कोकोपीटच्या आणि नुसत्या पाण्यावरच्या शेतीच्या कृतीतला फरक. पालक, मेथी, सांबाराला याचा दोन तृतीयांश डोस पुरतो, आणि नुकत्याच लावलेल्या रोपाला निम्मा.

रोज एवढं तोलत बसणं नको असेल तर दाट द्रावण करून ठेवावं, पण दोन वेगळ्या डब्यांत. ‘अ’ डब्यात दहा लिटर पाण्याला ८०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि २० ग्रॅम लोह. ‘ब’ डब्यात दहा लिटरला ३०० ग्रॅम १३:००:४५, १८० ग्रॅम ००:५२:३४, ४०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि खाली सांगितलेलं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं द्रावण १०० मिलिलिटर. दहा लिटरच्या बादलीत आधी पाणी भरायचं, त्यात ‘अ’ मधलं १०० मिलिलिटर घालून ढवळायचं, मग ‘ब’ मधलं १०० मिलिलिटर. दोन्ही डबे मिळून हजार लिटर पाणी तयार होतं.

हे डबे वेगळे का, ते डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. काचेच्या दोन पेल्यांत अर्धा-अर्धा पेला पाणी घ्या. एकात चमचाभर कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट विरघळवा. दोन्ही पाणी नितळ होतं. मग एक दुसऱ्यात ओता. थोड्या वेळात पाणी दुधाळ होतं, आणि तासाभरात तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसतो. तो गाळ म्हणजे जिप्सम. शेतात आपण पोत्यानं विकत आणून टाकतो तेच. वावरात ते औषध आहे. डब्यात तयार झालं तर कॅल्शियम आणि गंधक दोन्ही तळाशी अडकले, रोपाला काही मिळालं नाही आणि ठिबकची तोटी बुजली. फॉस्फेटशीही कॅल्शियम असाच गाळ धरतो. पातळ, रोपाला देण्याच्या पाण्यात मात्र दोन्ही इतके विरळ असतात की जिप्सम धरत नाही. म्हणून दाट असताना वेगळे, पातळ झाल्यावर एकत्र, एवढा एक नियम पाळला की झालं.

१३:००:४५ विरघळवताना एक गोष्ट हाताला जाणवते: ते थोड्या पाण्यात टाकून ढवळलं की बादली गार पडते, दमट दिवसात बाहेरून तिला पाणीही सुटतं. घाबरायचं कारण नाही. हा क्षार विरघळताना उष्णता ओढून घेतो. पाणी गार झालं की विरघळणं मंदावतं, म्हणून कोमट पाणी घ्यावं. कॅल्शियम नायट्रेटचं पाकीट एकदा फोडलं की हवाबंद बरणीत भरावं. श्रावणात ते उघडं राहिलं तर हवेतलं पाणी ओढून त्याचा गोळा होतो, आणि मग तोललेल्या ऐंशी ग्रॅममध्ये खत किती आणि पाणी किती हे सांगता येत नाही.

सूक्ष्म अन्नद्रव्यं लागतात चिमूटभर, पण त्यांच्यावाचून अडतं. फवारणीसाठी मिळणारं तयार मिश्रण वापरण्याचा मोह होतो. ते आपल्या जस्त-भुकेल्या जमिनींवरच्या पिकांसाठी बसवलेलं आहे. त्यात जस्ताचं प्रमाण लोहापेक्षाही जास्त असतं आणि कोकोपीटमध्ये रोज दिलं तर ते नको इतकं होतं. त्याऐवजी एक लिटर पाण्यात मँगनीज सल्फेट १६ ग्रॅम, बोरिक अ‍ॅसिड १८ ग्रॅम, झिंक सल्फेट ९ ते १० ग्रॅम, मोरचूद २ ग्रॅम आणि अमोनियम मॉलिब्डेट १ ग्रॅम विरघळवून ठेवावं. हे लिटरभर द्रावण दहा हजार लिटर पाण्याला पुरतं, म्हणजे घरच्या वापरात दोन-चार हंगाम. इथं चमचा चालणार नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवाच. बोरॉन कमी पडलं तर शेंडा वाळतो आणि थोडं जास्त झालं तर पानांची टोकं जळतात. दोन्हींमधलं अंतर फार कमी आहे.

या सगळ्याऐवजी १९:१९:१९ चा एक चमचा टाकला तर? सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला हाच आहे, आणि कोकोपीटसाठी तो चुकीचा आहे. त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. शिवाय त्यातलं अर्ध्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. जमिनीत जिवाणू युरियाचं अमोनियम आणि मग नायट्रेट करून देतात. नव्या कोकोपीटमध्ये हे जिवाणू फार थोडे. रोप नत्रात उभं असतं आणि उपाशी राहतं. जीवामृताचंही तेच. वावरात ते देणाऱ्यांचा अनुभव मी नाकारत नाही, पण त्याचं काम मातीतल्या जिवांच्या भरवशावर चालतं आणि त्यात कशाचं प्रमाण किती हे मोजता येत नाही. अंड्याच्या टरफलातला कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असतो, पाण्यात जवळपास विरघळत नाही. राखेत पालाश आहे, पण कोकोपीटला पालाशच नको असतो, वर राखेनं सामूही चढतो.

सामू ५.५ ते ६.२ मध्ये राहिला पाहिजे. पावसाच्या पाण्यात वरचे क्षार घातले की तो बहुतेक वेळा आपोआप तिथंच येतो. उगाच अ‍ॅसिड ओतू नये, कारण पावसाच्या पाण्याला स्वतःचा काही रोध नसतो, दोन थेंबांनी सामू धाडकन खाली येतो. बोअरच्या पाण्याचं उलटं. त्यात बायकार्बोनेट असतं, ते सामू वर खेचतं आणि कॅल्शियमला चुनखडी करून खाली बसवतं. पूर्णेच्या खोऱ्यात जे हजारो वर्षांत झालं ते इथं टाकीत काही दिवसांत होतं. अशा पाण्यात आधी फॉस्फोरिक अ‍ॅसिड थोडं थोडं घालून सामू उतरवावा, मगच खतं घालावीत. शंभर लिटरला ८५ टक्क्यांचं पाच मिलिलिटर अ‍ॅसिड गेलं तर त्यातूनच निम्मा फॉस्फरस येतो, तेव्हा त्या पाण्यात ००:५२:३४ निम्मं करावं आणि कमी झालेल्या पालाशासाठी १३:००:४५ सात ग्रॅम वाढवावं. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात घालायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लावून. लिंबू किंवा सायट्रिक अ‍ॅसिडनं सामू उतरतो खरा, पण दोन दिवसांत परत चढतो.

एक सावधगिरी गाव-घरासाठी खास. ही सगळी पांढरी पूड मिठासारखी दिसते. नायट्रेटची पोती चाटून जनावरं दगावतात. पाकिटं गोठ्यापासून लांब, कुलपात ठेवावीत, आणि दाट द्रावण सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत कधीही भरू नये.

पाणी देण्याची रीत मातीहून वेगळी आहे. मातीतल्या कुंडीला आपण वाळू देतो आणि मग पाणी घालतो. कोकोपीट वाळू द्यायचं नाही. वाळलं की त्यातले क्षार दाट होतात आणि मुळं भाजतात. थोडं थोडं, दिवसातून दोन-तीन वेळा द्यायचं, आणि प्रत्येक वेळी पिशवीच्या तळातून पाचवा-सहावा हिस्सा पाणी बाहेर आलं पाहिजे. आठवड्यातून एकदा ते बाहेर आलेलं पाणी वाटीत धरून त्याचा ईसी पाहावा. १.८ चं पाणी दिलं आणि २.० चं बाहेर आलं, ठीक. २.८ चं आलं तर आत क्षार साठताहेत. डोस कमी करून, अर्ध्या ताकदीचं पाणी भरपूर देऊन पिशवी धुऊन काढावी. दिलेल्यापेक्षा कमी ईसीचं पाणी आलं तर झाड भुकेलं आहे. पान पिवळं पडण्याच्या आठवडाभर आधी हा आकडा बोलतो. निघालेलं पाणी शेवग्याला, कढीपत्त्याला द्यावं. कॅल्शियम जास्त आणि सोडियम कमी असलेलं हे पाणी खारपाणाच्या मातीला मानवतं.

वैशाखात मात्र सगळा हिशेब बदलतो. पारा ४५ च्या पुढे गेला की झाड पाणी ढसाढसा पितं आणि क्षार त्या मानानं कमी घेतं, त्यामुळे एरवीचा डोस तेव्हा जास्त ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत तयार पाण्याचा ईसी १.२ ते १.४ वर आणावा, पिशव्या पांढऱ्या घ्याव्या किंवा काळ्या पिशव्यांना पांढरं फडकं गुंडाळावं, आणि दुपारचं पाणी पाइपात तापलेलं असेल तर पहिला तापलेला भाग सोडून द्यावा. हे पाळणं जमणार नसेल तर त्या दोन महिन्यांत नवी लागवड करूच नये. जून उजाडला की जुन्या झाडांची मुळं काढून कोकोपीट पावसात धुऊन घ्यावं, निम्म्या मात्रेचं कॅल्शियम नायट्रेट देऊन पुन्हा भरावं; चांगल्या प्रतीचं असेल तर ते असे दोन-तीन हंगाम सहज चालतं.